टोर्वदालमधली कसरीची साथ

टोर्वदालच्या दरीत पोलीस चौकी नव्हती. ती उणीव गुनवोर भरून काढत असे.

दरीतल्या बायकांचा पारंपरिक पोशाख, म्हणजे बुनाद, कसा घालावा आणि विशेषतः कसा घालू नये, याविषयी शेवटचा शब्द तिचा होता. लोकरी घागऱ्याचा घेर, चोळीवरच्या चांदीच्या ब्रोचची जागा, मोज्यांची वीण, बुटांच्या बकलांचा आकार, या सगळ्यांवर ती बुनाद मंडळाची अध्यक्ष म्हणून निकाल देई आणि त्या निकालावर अपील नसे. सतरा मेच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत ती मुद्दाम सर्वांच्या शेवटी चाले, कारण तिथून सगळ्यांच्या टाचा दिसतात. गायकवृंदातली आल्फ्रिड एके वर्षी बुनादवर काळा चष्मा लावून आली, तेव्हा गुनवोरने तिला भर मिरवणुकीत थांबवून विचारले होते, "का गं, तुझ्या पणजीचे डोळे आले होते का?" आल्फ्रिडने त्यानंतर बुनाद घातलाच नाही. गुनवोरच्या लेखी ही शिस्तीची फलश्रुती होती.

या अधिकाराचा पाया सभागृहाच्या मागच्या खोलीत, एका काचेच्या पेटीत होता: बिनबाह्यांची एक लोकरी चोळी, दोनशे वर्षांपूर्वीची, मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेली, उसवलेल्या काखेसकट अस्सल. दरीत तेवढी एकच मूळ वस्तू उरली होती. बाकीचे सगळे बुनाद तिच्यावरून, गुनवोरच्या अठरा वर्षांच्या अभ्यासातून शिवले गेले होते. शहरातल्या संग्रहालयाने ती चोळी अनेकदा मागितली होती. टोर्वदालने फार पूर्वी त्यांना बर्फावरची एक कोरीव घसरगाडी 'रोगण लावण्यासाठी' दिली होती. देणारे वारले. घसरगाडी अजून तिथेच आहे, कायमच्या दालनात, आणि तिच्याखालच्या पाटीवर शेजारच्या दरीचे नाव आहे. गुनवोर वर्षातून एकदा शहरात जाऊन त्या पाटीकडे बघून येत असे. काही लोक थडग्यावर जातात तसे.

एप्रिलच्या एका दुपारी ती आपल्या बुनादचे अस्तर तपासत आरशासमोर उभी होती, तेव्हा तिच्या खांद्यांच्या मधोमध काहीतरी चालले. एकटे नव्हे, ती पलटणच होती. पाठीच्या कण्यावरून ती खाली उतरली, कमरेला वळसा घालून पुढे आली आणि डाव्या मांडीवर तिने तळ ठोकला. गुनवोरने चोळी काढली, घागरा काढला, सगळे उजेडात धरून पाहिले. काही नव्हते. भिंगातून पाहिले. तरीही काही नव्हते.

अशा वेळी दुसऱ्या एखाद्या प्रदेशातली बाई वैद्याकडे गेली असती, तिसऱ्या प्रदेशातली मांत्रिकाकडे. गुनवोर वस्त्रांची अभ्यासक होती. तिने निदान केले ते वस्त्राचे. लोकरीला कसर लागली आहे. पुरावा सापडत नाही, यावरून तिने एवढाच निष्कर्ष काढला, की कसर हुशार आहे.

कसरीवर खात्रीचा उपाय कोणता, हे लोकरीची निगा राखणारा प्रत्येक माणूस जाणतो: कपडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कडक थंडीत ठेवायचा.

"ओडलाइव, फ्रीझर रिकामा कर," ती तळघराच्या जिन्यावरून ओरडली.

ओडलाइव हा तिचा नवरा. आदल्या शरद ऋतूत त्याने शिकार केलेला एल्क, म्हणजे घोड्याएवढे थोराड हरीण, मावावा म्हणून तो फ्रीझर मुद्दाम नवा आणला होता. "रिकामा? अगं, अर्धा एल्क आहे त्यात!"

"मग अर्धा एल्क खाऊन टाकू."

"कधीपर्यंत?"

"सतरा मेपर्यंत."

"गुनवोर, तो माझ्यापेक्षा मोठा होता गं."

"म्हणूनच म्हणते, आजपासून लाग."

बुनाद गोठला, पलटण मात्र चालत राहिली. गुनवोरने अंगातले लोकरी जाकीट फ्रीझरमध्ये टाकले, मग पांघरुणे, मग मोजे. आठवड्याच्या अखेरीस तिने ओडलाइवच्या चड्ड्यांचा गठ्ठा उचलला.

"अगं, त्या सुती आहेत! कसर सूत खात नाही. तूच सांगितलं होतंस मला, लग्नाच्या आधी."

"तेव्हा मी तरुण होते. कसरीवर फार विश्वास होता मला."

रोज सकाळी तो सज्जन गृहस्थ आपली चड्डी शेगडीसमोर दोन्ही हातांनी धरून, ती मऊ होण्याची वाट पाहत उभा राहू लागला.

साथ एका घरापुरती नसते, हे जाणून गुनवोरने मंडळाच्या सभासदांना फोन लावले. पहिला आल्फ्रिडला, कारण शिस्तीचा प्रश्न तिच्याकडे नेहमी आधी उद्भवत असे.

"आल्फ्रिड, खरं सांग हं. अंगावरून काही चालल्यासारखं वाटतं तुला?"

पलीकडून खालच्या आवाजात: "तुला कुणी सांगितलं?"

"कधीपासून?"

"नाताळपासून. मला वाटलं, साबण बदललाय म्हणून."

"साबण नाही बाई. कसर आहे."

"माझ्या घरात? मी दर शनिवारी कोपरान् कोपरा झाडते!"

"सगळ्या असंच म्हणतात," गुनवोर म्हणाली आणि तिने पुढचा क्रमांक फिरवला.

तिला धरून अकरा जणी निघाल्या. ही कसर पंचेचाळीस ते सत्तावन्न या वयाच्या बायकांनाच का गाठते, पुरुषांच्या लोकरी कोटांवरून तोंड का फिरवते, हे कुणी विचारले नाही. गुनवोरने मात्र विचारले, कारण तिची वृत्ती शास्त्रीय होती; आणि उत्तरही शोधले. या सगळ्या जणींचे बुनाद साधारण एकाच काळात, एकाच गिरणीच्या लोकरीतून शिवले गेले होते. सिद्धांत निर्दोष होता. चूक फक्त वस्तुस्थितीत होती.

मग टोर्वदालमधले फ्रीझर भराभर रिकामे झाले. त्या वसंतात दरीने एल्कचा रस्सा खाल्ला, एल्कचे गोळे खाल्ले, एल्कचे कटलेट आणि एल्कचा कीस खाल्ला. शाळेच्या सहलीला एल्क होता, नामकरणाच्या जेवणालाही एल्क होता. आणि रिकाम्या झालेल्या फ्रीझरमध्ये, उरल्यासुरल्या ट्राउट माशांच्या शेजारी, दरीचा सांस्कृतिक वारसा कडक होऊन पडला होता.

इथवर हे हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी होते. पण चोळीसारख्या नोंदणीकृत वस्तूच्या आसपास कीड आढळल्यास शहरातल्या संग्रहालयाला कळवावे, असा एक नियम आहे, आणि गुनवोरने आयुष्यात कधी नियम मोडला नव्हता. तिने साथीचा अहवाल पाठवला. सविस्तर, तळटिपांसह, अकराही तक्रारदारांच्या नावांनिशी. दुसऱ्याच दिवशी संग्रहालयाच्या प्रेबेन नावाच्या वस्तुपालाचा फोन आला.

"काय सुंदर अहवाल लिहिलाय तुम्ही! मी इथे सगळ्यांना वाचून दाखवला. मग आता असं करू, चोळी आम्ही विलगीकरणात घेतो. मिरवणुकीच्या आधीच्या आठवड्यात मी स्वतः पेटी घेऊन येतो."

"चोळीला काही झालेलं नाही. मी रोज बघते."

"अहो, तुमच्याच शब्दांत सांगतो: 'पुरावा न दिसणे हेच या कसरीचे लक्षण आहे.' पान दोन."

"आणि चोळी परत कधी मिळेल?"

"विलगीकरण संपलं की."

"ते कधी संपतं?"

"कसर नाही अशी खात्री झाली की."

"ती खात्री कोण करणार?"

"आम्हीच की," प्रेबेन म्हणाला. ज्याच्या ताटात मासा आपणहून येऊन झोपला आहे, अशा माणसाची तृप्ती त्याच्या आवाजात होती.

गुनवोरने फोन ठेवला. चोळी जाणार होती. घसरगाडीच्या शेजारी, चुकीच्या पाटीच्या वर, कायमची. आणि ती नेण्याचा परवाना तिने स्वतःच, शुद्ध भाषेत, लिहून दिला होता.

त्या संध्याकाळी ती डोके शांत करायला ओटचे पीठ घातलेल्या कोमट पाण्यात जाऊन बसली. अंगावर धागा नव्हता. न्हाणीघरात लोकर नव्हती; टॉवेलसुद्धा फ्रीझरमध्ये होते. आणि नेमकी तेव्हाच पलटण मानेवर जमली, संचलन करत पाठीवर उतरली आणि पाण्याखाली शिरूनही तिने पाऊल चुकवले नाही. कसर पोहू शकते का, या प्रश्नाचा गुनवोरने क्षणभर गांभीर्याने विचार केला. मग, अठरा वर्षांच्या विद्वत्तेला न सुचलेली एक शक्यता तिच्यासमोर उभी राहिली: दोष कपड्यात नसावा.

सकाळी ती अंगणापलीकडच्या छोट्या घरात गेली. तिथे तिची सासू बोर्गहिल्ड राहत असे. वय चौऱ्याऐंशी, कान तीक्ष्ण, जीभ त्याहून.

"सासूबाई, तुम्हाला कधी अंगात किडे चालल्यासारखं झालं होतं का?"

"झालं होतं की! ओडलाइव सैन्यात गेला त्या वर्षी. गोठ्यातल्या खांबाला पाठ घासायची मी. गायी रांगेत उभ्या राहून बघायच्या."

"डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"दाखवलं ना. म्हणाला, मुलगा लांब गेलाय ना, म्हणून होतंय. मुलगा परत आला तरी खाज चालूच. मग म्हणाला, मुलगा परत आलाय ना, म्हणून होतंय."

"पण ते होतं काय?"

"मला काय ठाऊक? पाळी गेली आणि मागोमाग तेही गेलं. दोघांनी मिळून घर सोडलं."

"मग मला कधी सांगितलं का नाहीत?"

बोर्गहिल्डने कॉफीचा कप खाली ठेवला. "तू विचारलंस का कधी? सात हिवाळे माझ्यासमोर बसलीस. मोज्याची टाच कशी वळवायची, टाका कुठे सोडायचा, सगळं त्या यंत्रात भरून घेतलंस. एकदा जरा पाठ खाजवायला थांबले, तर म्हणालीस, 'हलू नका हो, आवाज येतो.'"

गुनवोरला तो आवाज आठवला. तिने तो ध्वनिमुद्रणातून फार कौशल्याने काढून टाकला होता.

आरोग्य केंद्रात बदलीवर आलेला डॉक्टर तिच्या बहुतेक स्वेटरांहून वयाने लहान होता.

"घरात कुत्रा-मांजर?"

"नाही."

"नवीन साबण?"

"नाही."

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"गेल्या उन्हाळ्यात. त्याचा काय संबंध?"

"तसा मलाही माहीत नाही," तो मोकळेपणाने म्हणाला आणि संगणकावर काहीतरी शोधू लागला. "थांबा हं... अरे वा! आहे की इथे! 'रजोनिवृत्तीच्या काळात काही स्त्रियांना त्वचेखाली किडे चालल्याचा भास होतो.' बघा, मला पत्ताच नव्हता!"

"पुढे काय लिहिलंय?"

"पुढे केस गळणं सुरू होतं. म्हणजे, तो विषय सुरू होतो. पुरुषांचा. तो मोठा आहे."

"म्हणजे माझ्यासाठी एक ओळ?"

"दीड," डॉक्टर म्हणाला. त्याला न्याय करायचा होता.

"तुम्हाला शिकवलं नव्हतं हे?"

"एक व्याख्यान होतं की. शुक्रवारी, जेवणानंतर."

त्या भासाला लॅटिन नाव आहे, आणि ते मुंगीवरून पडले आहे. याचा अर्थ असा, की कुणीतरी लॅटिन जाणणाऱ्या गृहस्थाने कधीतरी एखाद्या बाईचे म्हणणे पुरते ऐकून घेतले होते. त्याने ते समजून घेतले, त्याला सुबक नाव दिले, आणि आपले कर्तव्य संपले असे मानून तो जेवायला घरी गेला. त्यानंतरच्या सगळ्या पिढ्या त्या नावाखाली झोपल्या. मानवजातीच्या निम्म्या भागाला कधी ना कधी जे वय गाठते, त्याविषयी एवढी माहिती जमवायला विद्येला अडीच हजार वर्षे पुरली नव्हती. दीड ओळ झाली होती. गुनवोर संतापली नाही. संताप ही उष्ण गोष्ट असते. तिच्या आत जे झाले ते फ्रीझरमधल्या कपड्यांसारखे होते.

डॉक्टरने ती दीड ओळ छापून दिली, अंगाला लावायचे संप्रेरकांचे जेल लिहून दिले, काही दिवसांनी परत या म्हणाला, आणि दारापर्यंत सोडायला आला. "आणखी काही विचित्र वाटलं तर सांगा हं. मलाही शिकायला मिळेल."

घरी येऊन तिने प्रेबेनला फोन केला आणि कसर नसल्याचे सांगितले.

"कारण?" प्रेबेनने विचारले.

"कारण ती नाहीच."

"एप्रिलमध्ये होती. तळटिपांसकट होती. हे बघा, अहवाल मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागतं. मंडळाच्या खुल्या सभेत, इतिवृत्तात नोंदवून. नियम तुम्हाला काय सांगायचे!"

एल्कच्या रश्श्यासमोर बसून तिने सगळे ओडलाइवला सांगितले.

"मग सांग ना सरळ, 'चूक झाली.'"

"कशी झाली, ते विचारतील."

"मग म्हण, 'वय झालं.'"

गुनवोरने त्याच्याकडे पाहिले. तो निमूटपणे एल्क चावू लागला.

प्रश्न साधा होता आणि म्हणूनच भयंकर होता. गप्प राहिले तर चोळी जाणार. बोलायचे तर, इतरांच्या बकलांवर न्यायनिवाडा करणाऱ्या बाईने अख्ख्या गावासमोर उभे राहून स्वतःच्या पाळीची वार्ता द्यायची; तीही टोर्वदालमध्ये, जिथे लोक हवामानाविषयीसुद्धा आवाज खाली करून बोलतात.

सभेला सगळे आले. कॉफी होती, वाफल होते, वाफलांवर तपकिरी चीज होते. कुणीतरी एल्कचे सँडविचही आणले होते. त्या ताटाकडे कुणी बघत नव्हते. प्रेबेन पहिल्या रांगेत बसला होता, हातांत पांढरे हातमोजे, पायांशी आतून रेशीम लावलेली पेटी. पेटी चोळीच्या मापाची होती. आजच्या आज बनलेली दिसत नव्हती.

मंडळाचा सचिव टोरमोड, एक लाजाळू निवृत्त भूमापक, पेन्सिलीला टोक करून बसला. "विषय एक. अध्यक्ष बोलतील."

गुनवोर उभी राहिली. तिने एक भारदस्त प्रास्ताविक तयार केले होते. त्याच्या पहिल्याच शब्दाला पलटण कॉलरखालून निघाली. गुनवोरने डावा खांदा उचलला, मग उजवा, मग कंबर वळवली. मागच्या रांगेतल्यांना वाटले, ती लोकनृत्याचे प्रात्यक्षिक दाखवते आहे, आणि एकाने ठेकाही धरला.

"कसर नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती. माझी पाळी जातेय. त्यामुळे अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी लोकरीवर आळ घेतला. अहवाल मागे."

सभागृहात अशी शांतता पसरली, की वाफलावरचे चीज विरघळताना ऐकू यावे. पुरुष मंडळींना छताच्या वाशांमध्ये एकाएकी फार रस वाटू लागला. टोरमोडने घाईघाईने सगळ्यांना कॉफी ओतली. भरलेल्या कपांतही ओतली.

प्रेबेन मात्र हसला. "तुमच्या मोकळेपणाबद्दल आदर वाटतो. पण ती एक तक्रार झाली. अहवालात अकरा आहेत. दहा घरांत कसर आहे, आणि ही चोळी त्या दहा घरांच्या मधोमध आहे."

गुनवोरने याचा विचारच केला नव्हता. तिने सभागृहाकडे पाहिले. दहा बायका आपापल्या कपात पाहत होत्या.

मग एक खुर्ची करकरली. आल्फ्रिड उठली होती.

"माझीही तक्रार मागे. माझ्या बुनादला कसर लागणारच नाही. तो उत्तरेला बहिणीकडे पडलाय, कधीचा. मी इथे तो कुणाच्या धाकाने घालत नाही, त्या बाईचं नाव मी घेत नाही."

"मग तू फ्रीझरमध्ये काय ठेवलंस?" गुनवोरच्या तोंडून निसटले.

"काही नाही! पण एल्क खाल्ला. सगळ्या खात होत्या म्हणून."

"आणि खाजेचं काय?" प्रेबेनने विचारले.

"खाज माझी आहे," आल्फ्रिड म्हणाली. "बुनादची नाही."

यानंतर बांध फुटला. एक जण म्हणाली, माझीही मागे, आणि माझी तर जीभ भाजल्यासारखी होते. कॉफी थंड करून प्यायले, तरी भाजते. दुसरी म्हणाली, माझ्या कानात पत्र्याचा डबा वाजतो, नवरा म्हणतो तुझाच आवाज असेल. तिसरीला गाडीच्या दाराला हात लावायच्या आधीच विजेचा झटका बसत होता, आणि तिने त्या पायी गाडी विकली होती. प्रत्येकीला आजवर वेगवेगळे कारण मिळाले होते: संगणक, सून, झोप, गायकवृंद.

"मलाही खाज येते," मागून एक शेतकरी संकोचाने म्हणाला.

"तुझ्या कुत्र्याला पिसवा झाल्यात. बस खाली," बोर्गहिल्ड म्हणाली.

उभ्या राहिलेल्या दहा झाल्या. केस कापण्याचे दुकान चालवणारी योर्डिस तेवढी बसून होती. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले.

"माझ्याकडे काय बघता? मी पंचेचाळीसची आहे."

योर्डिस गेली सहा वर्षे पंचेचाळीसची होती. दरम्यान तिची धाकटी बहीण तिच्या पुढे निघून गेली होती.

"माझ्याकडे खरीच कसर आहे," योर्डिस ठासून म्हणाली. "मोठी. मी पाहिली."

"म्हणजे एक तक्रार उरते," प्रेबेन म्हणाला आणि त्याने पेटीचे झाकण उघडले. "आणि नियमाला एक पुरते."

"आल्फ्रिड, बुनाद आण तिचा," गुनवोर म्हणाली.

योर्डिसचे दुकान आणि घर समोरच होते. आल्फ्रिड धावत गेली आणि फ्रीझरमधला गठ्ठा घेऊन आली. प्लास्टिक सोडवल्यावर आतला बुनाद घडी मोडेना. तो फळीसारखा ताठ भिंतीला टेकून उभा राहिला, जणू बारावी सभासद. प्रेबेनने पांढऱ्या हातमोज्यांनी तो उलटापालटा केला, भिंग लावले, वाकून वाकून पाहिले. अचानक तो ओरडला, "हा बघा! पंख!"

गुनवोरने तिथला चकाकता कण बोटाच्या टोकावर घेतले आणि हुंगले. "ट्राउट," ती म्हणाली. "माशाचा खवला आहे. वस्तुपाल, कसर नदीत राहत नाही."

"तरीही, तक्रारदार ठाम असेल तर..."

त्याचे वाक्य पुरे झाले नाही, कारण तक्रारदार लाल होऊ लागली होती. लाली गळ्यापासून निघाली, हनुवटी चढली, कपाळ ओलांडून केसांत शिरली. योर्डिसने प्रेबेनच्या हातातला विलगीकरणाचा कागद हिसकावला आणि त्या कागदाने ती जोरात वारा घेऊ लागली.

"खिडक्या! खिडक्या उघडा कुणीतरी! सगळ्या!"

बाहेर पावसात मिसळलेला बर्फ पडत होता. खिडक्या उघडल्या. गार वाऱ्याचा झोत आत आला, आणि सभागृहाच्या एका बाजूने समाधानाचा मोठा सुस्कारा निघाला; दुसऱ्या बाजूने कोटांची बटणे लागल्याचे आवाज आले. प्रेबेनचे दात वाजू लागले.

गुनवोर योर्डिसजवळ गेली आणि खाली वाकली. "ऐक. माझ्याकडे यावर छापील मजकूर आहे. दीड ओळीचा. त्यात वय लिहिलेलंच नाही."

"कुठलंच नाही?"

"कुठलंच नाही. 'काही स्त्रिया', एवढंच."

योर्डिसने कागदाने आणखी थोडा वारा घेतला. "पंचेचाळीसच्यासुद्धा?"

"ग्रंथ तुला नाही म्हणूच शकत नाही. तेवढं त्यांना काही ठाऊकच नाही."

"मग माझीही मागे," योर्डिस म्हणाली आणि उभी राहिली.

प्रेबेनने पेटी मिटली. ती हलकी असूनही त्याला उचलायला जड गेली. गुनवोर स्वतः त्याला दारापर्यंत सोडायला गेली आणि वाटेत तिने त्याला घसरगाडीखालच्या पाटीतली चूक पुन्हा एकदा, स्पष्ट उच्चारात, सांगितली.

ती परत आली तेव्हा टोरमोड इतिवृत्तावर वाकून घामाघूम झाला होता, आणि तोही उघड्या खिडकीत बसून.

"कारणाच्या जागी मी 'वैयक्तिक कारणांमुळे' असं लिहितो," तो म्हणाला. "म्हणजे कसं, बरं दिसतं."

"वैयक्तिक? टोरमोड, इथे अकरा जणी उभ्या आहेत. अकरा जणींना होतं त्याला सार्वजनिक म्हणतात. लिही." तिने सावकाश सांगितले: "'टोर्वदालमध्ये कसर नाही. अध्यक्षांसह अकरा सभासदांची रजोनिवृत्ती सुरू आहे. तिला विलगीकरणाची आवश्यकता नाही.'"

टोरमोडने लिहिले. त्याचे कान लाल झाले, पण अक्षर नेहमीसारखेच सुवाच्य होते. मग नियमाप्रमाणे त्याने खाली अकरा नावे लिहिली. योर्डिस त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"टोरमोड, नावापुढे हे आकडे कसले?"

"जन्मसालं. इतिवृत्तात लागतात."

योर्डिसने मान वर करून गुनवोरकडे पाहिले. ती फक्त पाहत राहिली, आणि तिच्या कपाळावर पुन्हा घाम फुटू लागला होता. एका चुकीच्या तारखेसाठी अख्खे इतिवृत्त परत पाठवणारी, नोंदीतला काना-मात्राही सोडून न देणारी गुनवोर योर्डिसच्या नावापुढच्या आकड्याकडे बघत क्षणभर थांबली. मग ती खिडकीशी गेली आणि तिने सगळ्यांकडे पाठ केली.

बाहेर बर्फ पडतच होता. तिच्यामागे कागदावर खोडरबर चालल्याचा बारीक, घाईचा आवाज आला, आणि गुनवोर बाहेरच्या बर्फाचे अत्यंत बारकाईने निरीक्षण करत राहिली.